पिशवीतली मुळं: सोलापूरच्या उन्हात देशी बागेचे अकरा महिने

गेल्या आठवड्यात वाळलेला सहा फुटी बहावा मी एका हाताने उपटला. जोर लावावाच लागला नाही, आणि तिथेच मला शंका आली. अकरा महिने जमिनीत असलेलं झाड असं अलगद निघून येत नाही.

गेल्या जूनमध्ये 450 रुपयांना एक, असे तीन बहावे आणले होते. दिवाळीपर्यंत हिरवेगार होते. मार्चमध्ये शेंड्याकडून वाळायला लागले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही गेले. आपलंच पाणी कमी पडलं म्हणून मी स्वतःला बोल लावत होते. उपटल्यावर मुळांचा गोळा हातात आला, तो अजूनही नर्सरीच्या काळ्या पिशवीच्या आकाराचा. बोटाएवढं जाड मुख्य मूळ पिशवीच्या तळाला टेकून आडवं वळलेलं, स्वतःभोवती तीन वेढे घेतलेलं. त्या वेढ्यांच्या बाहेर सुतासारखी चार-दोन मुळं, बस्स. खड्ड्यात हात घातला तर वीतभर खाली माती ओलसर लागली. पाणी होतं, झाड तिथवर पोचलंच नव्हतं.

आळी करून द्यायला येणारे मामा गोळा उलटसुलट करून बघत म्हणाले, "वैनी, हे पिशवीतच म्हातारं झालंय. दोन-तीन वर्षं तिथंच उभं केलं असणार बगा."

बाकीचे दोनही उपटले. तसेच निघाले. म्हणून हा अनुभव आत्ता लिहायला घेतला, नाहीतर वर्ष पूर्ण झाल्यावर फोटोंसकट लिहिणार होते.

आमचं घर जुळे सोलापुरात. पुढे-मागे मिळून साधारण 900 चौरस फूट मोकळी जागा. वर दीड फूट काळी माती, खाली मुरूम. मे महिन्यात पारा 43 च्या घरात आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, हे इथल्यांना सांगायला नको. आधी पुढच्या 400 चौरस फुटांत लॉन होतं. उन्हाळ्यात त्याला रोज कमीत कमी 5 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे 185 लिटर. हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि त्या रात्री झोप लागली नाही. चार जणांच्या घराचं पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि अंघोळीचं पाणी आम्ही गवतावर ओतत होतो. फेब्रुवारी ते मे 5,000 लिटरचे पाच टँकर नुसत्या लॉनला. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ते बघितलेल्या माणसाने लॉन ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लॉन काढलं, देशी झाडं लावायचं ठरवलं.

नर्सरीचं आधी सांगते. मेलेल्या बहाव्यांची मुळं पिशवीत घालून, पावती घेऊन गेले. मालक म्हणाले, "ताई, उन्हाळ्यात झाड गेलं तर आम्ही काय करणार? पाणी कमी पडलं असेल." मी गोळा त्यांच्या टेबलावर ठेवला. बघितला आणि विषय बदलला. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले, त्याऐवजी दोन कोनोकार्पस घेऊन जा, बारा महिने हिरवं राहतं. ज्या परदेशी झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने 2023 मध्ये बंदी घातली, ते मला देशी झाडाच्या बदल्यात देत होते. मी नको म्हटलं. तासाभराने फूटभर उंचीची दोन आपट्याची रोपं द्यायला तयार झाले. मी त्यांच्यासमोर पिशवी ब्लेडने उभी चिरायला लावली. पहिल्याची मुळं गोल फिरलेली, ते परत केलं. दुसऱ्याची सरळ होती, तेवढं एक आणलं. 1,350 रुपयांच्या बदल्यात 40 रुपयांचं एक रोप.

तेव्हा कळकळीने सांगते, उंच झाड बघून भुलू नका. सहा फुटी झाड आठ इंची पिशवीत उभं असेल तर त्याची मुळं कुठे गेली असतील, हे तिथेच उभं राहून विचारा. पिशवी समोर फाडून दाखवत नसतील तर निघून या. फूटभर रोप घ्या, नाहीतर सरळ बी लावा. बहाव्याचंच दुसरं उदाहरण माझ्याकडे आहे. मुलीने शाळेच्या रस्त्यावरून शेंगा आणल्या होत्या. बी टणक असतं, तसंच पेरलं तर महिनोन्महिने पडून राहतं. मी दहा बिया एका कडेने पॉलिशपेपरवर घासल्या, गरम पाण्यात रात्रभर ठेवल्या आणि जुलैत कंपाउंडच्या कोपऱ्यात थेट जमिनीत टोचल्या. सहा उगवल्या, दोन ठेवल्या. आज ती रोपं जेमतेम दीड फुटाची आहेत. याच मेमध्ये, त्याच मातीत, सहा फुटी बहाव्यांपासून दहा पावलांवर ती उभी आहेत आणि पालवी धरून आहेत. फुलं यायला काही वर्षं जातील, ती मला चालतील.

आता तरवड. याच्याबद्दल मी कितीही लिहू शकते. अक्कलकोट रोडच्या कडेला उभ्या झुडपांच्या वाळलेल्या शेंगा आणल्या, खर्च शून्य. जूनमध्ये पेरल्या, ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली तेव्हाही मान टाकली नाही. फेब्रुवारीत पहिली फुलं आली. सकाळी साडेसात-आठला काळे भुंगे येतात. भुंगा फुलाला धरून लटकतो आणि अंग असं थरथरवतो की आवाज चढतो, फुल हलतं आणि परागकण त्याच्या पोटावर सांडतात. चहाचा कप घेऊन मी रोज दहा मिनिटं हे बघते. पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या होत्या. पहिल्या दिवशी औषध मारायला निघाले होते, सासूबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "खाऊ दे की, तरवड काय मरत नाही तेवढ्यानं." खरंच मेला नाही. शेळ्या-गाई याला तोंड लावत नाहीत, हा आणखी फायदा, कारण आमच्या एका बाजूला कंपाउंड नाही. त्या बाजूला अडुळशाच्या फांद्या टोचून कुंपण केलंय. दुपारी येणाऱ्या शेळ्या अडुळशाचा वास घेतात आणि पुढे जातात.

तामण मात्र लावू नका. मी लावली, कारण महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि 'देशी' या शब्दावर मी जास्त विसंबले. तामण ओढ्या-नाल्यांच्या कडेला, ओलाव्याच्या जागी वाढणारी. आमच्याकडे एप्रिलमध्ये पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या आणि रोज पाणी घालूनही सावरली नाही. देशी म्हणजे आपल्या गावचं नव्हे, हे मला दोन तामणी घालवून कळलं. इथलं काय ते बघायचं असेल तर नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे एक चक्कर मारा. 1979 साली ते जाहीर झालं. त्या माळरानावर जे सहज दिसतं, म्हणजे गवत, बोर, हिवर, तरवड, ते आपल्या अंगणात टिकणार.

पाण्याचं. ठिबक बसवलं होतं, बोअरच्या जड पाण्याने दोन महिन्यांत तोट्यांवर पांढरा थर चढला आणि निम्म्या बंद पडल्या. रोज टाचणी घेऊन बसणं मला जमणार नव्हतं. मग झाडांशेजारी माठ पुरले, म्हणजे पाणी झिरपत मुळांपाशी जातं. आठ माठ, प्रत्येकी साधारण 8 लिटरचे, गळा जमिनीच्या वर दोन बोटं ठेवून, तोंडावर फरशीचा तुकडा. चार दिवसांतून एकदा भरायचे. म्हणजे दिवसाला सरासरी 16 लिटर पाणी, लॉनच्या 185 च्या जागी. माठ घेताना रंग दिलेला घेऊ नका. माझे पहिले दोन तसे होते, आठवडाभर पाणी जागचं हललं नाही. घरी आणून भरायचा, वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवायचा. सकाळी कागद ओला असेल तरच पुरायचा.

माझं एक मत पूर्ण बदललं. कोरड्या भागात झाड मरतं ते पाण्याअभावी, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा. गच्चीचा पाइप मी मोठ्या हौसेने पुढच्या वाफ्यात सोडला होता. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस पडला तरी पावणेदोन हजार लिटरच्या वर पाणी येतं, आणि काळ्या मातीत ते मुरत नाही, साचतं. आठ दिवस पाणी उभं होतं आणि कोरांटीची सातपैकी पाच झुडपं मुळाशी सडून गेली. कोरांटी, जी दगडात जगते, ती पाण्याने गेली. पाइप आता मागच्या चरात सोडलाय आणि पुढे मुरूम टाकून फूटभर उंचवटा केलाय. राहिलेल्या दोन झुडपांच्या फांद्या त्यावर लावल्या, डिसेंबरात पिवळी फुलं आली, आणि मागोमाग शिंजीर पक्षी.

कुसळी गवत दिसायला सुंदर, संध्याकाळच्या उन्हात सोन्यासारखं. पण पायवाटेच्या कडेला लावायची चूक करू नका. नोव्हेंबरात मुलीचे मोजे आणि माझ्या साडीचे काठ कुसळांनी भरले. ते काढून तिथे मारवेल गवत लावलंय. उसाचं पाचट मात्र जरूर पसरा, आपल्याकडे त्याला तोटा नाही. वाळवी येते म्हणून मी एकदा सगळं उचललं होतं, आठ दिवसांत माती तडकली. परत पसरलं. वाळवी वाळकं पाचटच खाते असं दिसलं. खोडाभोवती फक्त वीतभर जागा मोकळी ठेवते.

आणि एप्रिल-मेमध्ये बाग तपकिरी दिसणार, हे मान्य असेल तरच या वाटेला जा. पाहुणे विचारतात, झाडं वाळली का हो? पहिल्यांदा मला वाईट वाटायचं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "साप येतील." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, म्हणून घराच्या भिंतीपासून चार फूट पट्टा मी मोकळा, झाडून ठेवते.

वरचं सगळं मेच्या शेवटी लिहून ठेवलं होतं. पाठवायचं राहून गेलं. आता जूनचे दोन पाऊस झालेत आणि एक गोष्ट वाढवून लिहावी लागणार आहे.

धुळ्याच्या मावसबहिणीने गेल्या वर्षी अंजनाचं बी दिलं होतं. खानदेशातल्या कोरड्या टेकड्यांवरचं हे झाड, इथेही चालेल म्हणून तीन बिया थेट जमिनीत लावल्या होत्या. तिन्ही उगवल्या, वीतभर झाल्या आणि मार्चमध्ये काड्या झाल्या. मी तिन्ही गेल्या असं धरलं होतं. वरच्या मजकुरात अंजनाचं नाव नाही ते त्यामुळेच. मामांनी काड्या उपटायला हात घातला आणि थांबले. "निघत नाही, वैनी. धरून बसलीय."

परवा सकाळी पाचट बाजूला केलं. एका काडीच्या बुडाशी, मातीच्या अगदी लगत, दोन पानं. आपट्याचं पान लहान करून नखाएवढं केलं तर जसं दिसेल तसं. दुसऱ्या काडीजवळ नुसता हिरवा ठिपका. तिसरीकडे अजून काही नाही. तिला मी उपटलेलं नाही.