थायरॉइड ऑपरेशन: सर्जनला पाच स्टार, डिस्चार्जला दोन

आईची अख्खी थायरॉइड काढली, पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये, नाव लिहीत नाही कारण तक्रार पण आहे. पण आधी चांगलं सांगते.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्याच सांभाळतात. आईच्या त्यातल्या दोन ऑपरेशनमध्ये काळ्या पडल्या, रक्तपुरवठाच तुटला. सर्जननी त्या टाकून नाही दिल्या, एक कण लॅबला पाठवून खात्री केली, मग मिलिमीटरभराचे तुकडे करून मानेच्याच स्नायूत छोटे खिसे करून ठेवले. राउंडला आले तेव्हा केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं की अख्खी ग्रंथी का नाही ठेवत. सुरुवातीला तुकड्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते, आजूबाजूने झिरपेल त्यावर जगायचं, जाड असला की मधला भाग मरतो. मग ऑक्सिजन कमी पडला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात आणि स्नायूतल्या केशवाहिन्यांना तिकडे फांद्या फुटतात, पण ग्रंथी नीट कामाला लागायला कित्येक आठवडे जातात. आई लगेच म्हणाली, भाताची रोपं पण लावणीनंतर आधी पिवळी पडतात, मग धरतात. डॉक्टर म्हणाले, अगदी तेच मावशी. इतका वेळ देणारा सर्जन मी तरी पहिल्यांदा बघितला.

आता तक्रार. ग्रंथी कामाला लागेपर्यंत रक्तातलं कॅल्शियम पडू शकतं हे डिस्चार्ज पेपरवर कुठ्ठेच नव्हतं!! दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि तिसऱ्या रात्री आईच्या ओठांभोवती मुंग्या, मग बोटं अशी आखडली की तिला पाण्याचा पेला धरता येईना, दिलेला नंबर कोणी उचलेना, शेवटी रिक्षाने कॅज्युअल्टी गाठली, कॅल्शियम 7.1 (साधारण 8.5 च्या वर हवं), शिरेतून द्यावं लागलं. आणि कॅल्शियम नि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायचं हे आम्हाला मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं. एका ओळीत लिहून देता आलं असतं हो.

आता तीन महिने झाले, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) 24 आलंय, म्हणजे नॉर्मलमध्ये. लावलेले तुकडे धरले की जागेवरच्या दोन ग्रंथी सावरल्या, हे मानेत लावल्यावर नुसत्या रक्ताच्या टेस्टवरून कळत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. कॅल्शियमच्या गोळ्या सहावरून एकावर आल्यात, पुढची टेस्ट दिवाळीनंतर.