सर्व्हरचे प्रतिसाद कोड आणि ‘कर्ल’ : काही महिन्यांच्या वापरानंतर

एका त्रैमासिकाचे जुने अंक ज्या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, त्याची तांत्रिक देखभाल गेल्या वर्षी माझ्याकडे आली आणि तेव्हापासून ‘पान उघडत नाही’ एवढ्या एकाच वाक्यात येणाऱ्या तक्रारींचा उलगडा करण्यासाठी मी ‘कर्ल’ हे, दिलेल्या पत्त्यावरचा मजकूर सर्व्हरकडून मागवणारे साधन जवळजवळ रोज वापरतो आहे. स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांनी ते या नावाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. ते विनामूल्य व मुक्त स्रोत असून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, एक ओळ टाइप करून चालवायचे असते. त्याचे पर्याय दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांतले बहुतेक मला कधी लागलेही नाहीत. इथे मी एकाच उपयोगाविषयी लिहीत आहे: पान मागितल्यावर उत्तरासोबत येणारा तीन आकडी कोड नेमका कोणता आणि तो कोणी दिला, हे शोधणे. यातला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

कोडांची ढोबळ विभागणी बहुतेकांना ठाऊक असते: दोनशेच्या घरातले यशाचे, तीनशेचे दुसरीकडे पाठवणारे, चारशेचे मागणी करणाऱ्याची चूक दाखवणारे आणि पाचशेचे सर्व्हरची. इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणाऱ्या ‘आरएफसी’ मालिकेतल्या जून २०२२ च्या आरएफसी ९११० या दस्तऐवजात त्यांचे अधिकृत अर्थ दिलेले आहेत. तो रुक्ष असला तरी वाचण्यासारखा आहे, कारण ४०१ म्हणजे ‘तुमची ओळख पटलेली नाही’ आणि ४०३ म्हणजे ‘मागणी समजली, पण देणार नाही’ हा फरक, तसेच एखाद्या गुप्त पानाचे अस्तित्वच उघड होऊ नये म्हणून सर्व्हरने ४०३ ऐवजी ४०४ (‘सापडले नाही’) देण्यास असलेली मुभा, या गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

हे सारे ब्राउझरमधल्या डेव्हलपर टूल्स या तपासणीच्या खिडकीतही दिसते, मग कर्ल कशाला, असा प्रश्न मला सुरुवातीला एका सहकाऱ्याने विचारला होता. त्याचे उत्तर असे की ब्राउझर स्वतःही बोलतो. आमचे संकेतस्थळ केवळ सुरक्षित जोडणीनेच उघडावे अशी सूचना देणारे हेडर (उत्तरात मजकुराआधी येणारी माहितीची ओळ) सर्व्हर पाठवतो आणि क्रोमने ती एकदा लक्षात ठेवली की साध्या, असुरक्षित ‘एचटीटीपी’ पत्त्यासाठी तो ३०७ (तात्पुरते दुसरीकडे पाठवणारा कोड) दाखवू लागतो. हा ३०७ सर्व्हरने दिलेलाच नसतो. ती मागणी संगणकाबाहेर गेलेलीच नसते. तोच पत्ता कर्लला दिला की सर्व्हरचा खरा ३०१ (कायमचे दुसरीकडे पाठवणारा कोड) समोर येतो. त्याहून जास्त त्रास या कायमस्वरूपी रिडायरेक्टचा, म्हणजे दुसरीकडे पाठवण्याचा, होतो. ३०१ ब्राउझर साठवून ठेवतो, त्यामुळे सर्व्हरवरचा नियम दुरुस्त केल्यावरही तक्रार करणारा जुन्याच जागी जाऊन पोहोचतो आणि ‘अजून तसेच आहे’ असे कळवतो. कर्ल आपणहून काहीच लक्षात ठेवत नसल्यामुळे या क्षणी सर्व्हर काय म्हणतो आहे तेवढेच सांगतो, आणि दोष सर्व्हरचा की साठवणुकीचा याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

मराठी संकेतस्थळांना सतावणारी एक अडचण मात्र मी आधी कुठे वाचलेली नव्हती. आमच्या लेखांचे पत्ते देवनागरीत आहेत. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द असलेला एक पत्ता काही वाचकांकडे व्यवस्थित उघडे आणि काहींकडे ४०४ येई. दोघांनी पाठवलेले पत्ते शेजारी ठेवले तरी डोळ्यांना तसूभरही फरक दिसत नव्हता. ते ब्राउझरमधून कॉपी केल्यावर देवनागरी अक्षरांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची जी लांबलचक माळ येते ती कर्लला दिली, तेव्हा एकाला २०० आणि दुसऱ्याला ४०४ आला, आणि मग त्या माळा अक्षर-अक्षर ताडून पाहणे भाग पडले. एका पत्त्यात ‘ऱ’ हे युनिकोडमधले (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतले) स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असे दोन घटक, म्हणजे सहा बाइट होते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक असे तीन घटक, म्हणजे नऊ बाइट होते. पडद्यावर दोन्हींचा आकार तोच उमटतो, पण सर्व्हर बाइट मोजतो, आकार पाहत नाही. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही या दोन रूपांना एक करत नाही. अखेर जोडक असलेले रूप आले की ‘ऱ’च्या रूपाकडे ३०१ ने पाठवणारा नियम लिहावा लागला. ज्यांचे पत्ते देवनागरीत आहेत त्यांनी ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’ हे शब्द दोन्ही प्रकारे टाइप करून एकदा तपासावेत.

पाचशेच्या घरातल्या कोडांसाठी कर्लचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे कोडाबरोबर लागलेला वेळही छापता येणे. आमच्याकडे वाचकांच्या मागण्या घेऊन मागे पोहोचवणारा इंजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे उभा आहे आणि मजकूर देणारे ॲप्लिकेशन त्याच्या मागे आहे. शोधपेटीतून काही शब्द शोधले की ५०४ (‘मागून वेळेत उत्तर आले नाही’) येत असे, आणि प्रत्येक वेळी लागलेला वेळ साठ सेकंदांच्या किंचित वर भरत असे. मागच्या ॲप्लिकेशनच्या उत्तरासाठी थांबण्याची इंजिनएक्सची मूळ मर्यादा साठ सेकंदांचीच आहे, म्हणजे हे उत्तर देणारा दाराशी उभा असलेला इंजिनएक्सच होता आणि आतले ॲप्लिकेशन अजून काम करत बसले होते. याउलट ५०२ (‘मागून नीट उत्तर मिळाले नाही’) क्षणार्धात आला, तर ॲप्लिकेशन बंद पडले आहे असा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. ४१३ ची (‘मागणी फार मोठी आहे’) गोष्टही तशीच आहे. मुखपृष्ठाचे स्कॅन चढवताना तो येई आणि ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, मात्र त्याची नोंदच सापडत नसे, कारण इंजिनएक्स मुळात एक मेगाबाइटपेक्षा मोठी मागणी स्वीकारत नाही आणि ती मागे पोहोचतच नाही. इंजिनएक्सच्या लॉगमध्ये कधीकधी ४९९ दिसतो; तो कोणत्याही आरएफसीतला नसून वाचकाने कंटाळून जोडणी तोडल्याची इंजिनएक्सने स्वतःपुरती केलेली नोंद आहे. तो कर्लमध्ये कधीच दिसणार नाही, कारण तो कोणाला पाठवलाच जात नाही.

आता कुरबुरी. पहिली आणि सर्वांत मोठी अशी की ४०४ आला तरी कर्लच्या दृष्टीने काम यशस्वी झालेले असते. उत्तर मिळाले, ते त्याने फाइलमध्ये लिहिले, झाले. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये याचा परिणाम असा होतो की पीडीएफचे नाव असलेली फाइल सकाळी जागेवर असते आणि उघडली तर तिच्यात ‘पान सापडले नाही’ एवढा मजकूर निघतो. ‘फेल’ हा पर्याय दिला तर ४०० व त्यावरच्या कोडांना कर्ल २२ हा त्रुटी-क्रमांक देऊन थांबतो. माझ्या मते मुळात तेच त्याचे वर्तन असायला हवे होते. कोडाच्या जागी तीन शून्ये छापली गेली तर सर्व्हरकडून उत्तरच आलेले नाही असे समजावे आणि कर्लचा स्वतःचा क्रमांक पाहावा: ६ म्हणजे नावाचा पत्ता लागला नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे प्रमाणपत्रावर विश्वास बसला नाही. हे क्रमांक आणि सर्व्हरचे कोड यांची नवख्यांकडून सर्रास गल्लत होते.

दुसरी कुरबूर अशी की केवळ हेडर मागवणारा ‘कॅपिटल आय’ हा पर्याय सगळीकडे सुचवला जातो, पण तो ‘हेड’ प्रकारची मागणी पाठवतो आणि काही ॲप्लिकेशने तिला ४०५ (‘या प्रकारची मागणी चालत नाही’) देतात, जरी तेच पान ‘गेट’ या नेहमीच्या मागणीने उत्तम उघडत असले तरी. मी आता पूर्ण पान मागवतो, मजकूर टाकून देतो आणि फक्त कोड छापतो. शिवाय कर्ल मागणीत स्वतःचे नाव सांगतो, म्हणून काही सर्व्हर त्याला यंत्र समजून ४०३ देतात. अशा ठिकाणी वाचकाला काय दिसते हे कर्लवरून कळत नाही. आणि चूक झाली तरी २०० देऊन पानावर माफी मागणाऱ्या संकेतस्थळांपुढे तर कोड वाचण्यात काही हशीलच नाही. तिथे मुद्दाम अस्तित्वात नसलेला एखादा पत्ता मागून पाहावा, लगेच पितळ उघडे पडते.

विंडोजवर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. कर्ल २०१८ पासून विंडोज १० बरोबर येतो, पण विंडोजच्या जुन्या पॉवरशेल या आज्ञा-खिडकीत ‘कर्ल’ हे नाव टाइप केले की मायक्रोसॉफ्टची वेगळीच आज्ञा चालते आणि इथे सांगितलेले पर्याय तिला समजत नाहीत. नावापुढे ‘डॉट ईएक्सई’ जोडले की खरा कर्ल चालतो. अनेक आज्ञा साठवून एकत्र चालवणाऱ्या बॅच फाइलमध्ये कोड छापण्यासाठी लागणारे टक्क्याचे चिन्ह दोनदा लिहावे लागते, एवढे सांभाळले की बाकी बरेचसे लिनक्ससारखेच आहे.