बाइंडिंग खुणेवर की जरा पुढे? स्कीला निघालेल्या कोल्हापूरच्या बायकांसाठी

भर पावसात चिखल तुडवत पन्हाळा-पावनखिंड करणाऱ्या आपल्याकडच्या मुली-बायका आता गुलमर्गला, औलीला स्की शिकायला जायचं म्हणतात. जाकीट कुठलं, हातमोजे कुठले, याची चौकशी भरपूर होते. बाइंडिंग स्कीवर नेमकं कुठे बसलंय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर वळण जमणं किंवा न जमणं बऱ्याचदा तिथेच अडतं.

बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडून देणारा जो सांधा, ते बाइंडिंग. पुढे टो-पीस, मागे हील-पीस. स्कीवर कारखान्याने केलेली एक खूण असते आणि बुटाच्या तळाच्या कडेला मधोमध एक बारीक रेघ. दोन्ही समोरासमोर आल्या की बाइंडिंग ‘खुणेवर’ बसलं.

अडचण अशी की, ही जुळणी बुटाच्या मध्यावरून होते, पावलाच्या चवड्यावरून नाही. टाचेजवळ बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ती वाचून बघा. एकाच स्कीवर ३२५ चा बूट लावला आणि मग २६५ चा लावला, तर दुसऱ्या बुटाचं टोक तीन सेंटिमीटर मागे येतं. चवडाही मागे सरकतो, आणि जोर तर तिथूनच द्यायचा असतो. म्हणजे लहान पावलाची बाई मुळातच थोडी मागे उभी असते. बायकांच्या स्की-साहित्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या जीनी थोरेन यांनी बायकांसाठी बाइंडिंग पुढे घ्यावं, असा आग्रह वर्षानुवर्षं धरला, त्यामागे हेही एक कारण होतं.

आपल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. रायफलचा दस्ता आणि गालाची पट्टी नेमबाजाच्या अंगाप्रमाणे थोडी थोडी सरकवून बसवतात, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. स्कीचंही तेच आहे.

आता निवड. बाइंडिंग एक ते दोन सेंटिमीटर पुढे घेतलं की टोकावर वजन लवकर येतं, वळण सहज सुरू होतं. दाबून सपाट केलेल्या उतारावर शिकणारीला हा फरक पहिल्याच फेरीत जाणवू शकतो. याची किंमत म्हणजे वेगात स्की थोडी चंचल वाटते आणि खोल, भुसभुशीत बर्फात टोक खाली जायला लागतं. खुणेवर ठेवलं तर टोक वर तरंगतं, सरळ धावताना भरवसा वाटतो, पण वळवायला जास्त जोर आणि नेमकी ढब लागते.

म्हणून माझं मत जागेप्रमाणे बदलतं. औलीच्या शिकाऊ उतारावर, लहान पावलाच्या आणि हलक्या अंगाच्या बाईने एक सेंटिमीटर पुढे जरूर करून पाहावं. गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगराच्या ताज्या बर्फात उतरायचं असेल, तर खुणेवरच राहावं. दोन सेंटिमीटरच्या पुढे मी कुणालाच जा म्हणणार नाही.

बायकांसाठी म्हणून बनवलेल्या बऱ्याच स्कींवर कारखान्याने खूण आधीच पुढे घेतलेली असते. अशा स्कीवर पुन्हा पुढे सरकवलं तर दुहेरी होतं. तेव्हा आधी स्की कुठल्या प्रकारची आहे ते विचारा, मग बाकीचं.

तिसरा पर्याय बुटात टाचेखाली पाचर घालण्याचा. बायकांच्या पोटरीचा स्नायू बऱ्याचदा खालपर्यंत उतरलेला असतो. बुटाची मान त्याला मागून ढकलते, गुडघे वाकतात आणि तोल सावरायला कंबर मागे जाते. मांड्या पेटतात, आणि बाई समजते आपल्यातच ताकद नाही. ताई, ताकद भरपूर आहे, बूट चुकलाय. तीन-चार मिलिमीटरची पाचर पोटरी जरा वर उचलते, शिवाय घोटा कमी वाकणाऱ्यांनाही आराम देते. पण जाड पाचर उलटते. बाइंडिंगमध्ये टाच पंजापेक्षा आधीच थोडी उंच असू शकते, आणि तोच फरक आखूड तळाच्या बुटाला जास्त तिरपा पडतो. पाच मिलिमीटरचा फरक ३२० च्या तळाला सुमारे ०.९ अंश, तर २६० च्या तळाला १.१ अंश. त्यावर आणखी चढवलं तर गुडघे जास्तच वाकतात आणि कंबर पुन्हा मागे.

त्यामुळे क्रम माझ्या लेखी ठरलेला आहे: आधी बूट, मग पाचर, शेवटी बाइंडिंग. सैल बुटात बाइंडिंग कितीही सरकवा, उपयोग शून्य.

भाड्याच्या स्कीवर बहुधा रुळावर सरकणारं बाइंडिंग असतं, तेव्हा प्रयोग फुकटात होतो. त्याच उतारावर, त्याच बर्फात आधी खुणेवर दोन-चार फेऱ्या मारा, मग एक सेंटिमीटर पुढे घेऊन तितक्याच. सकाळचा कडक बर्फ आणि दुपारचा मऊ बर्फ यांची तुलना करू नका, फसाल. सरकवणं मात्र स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन करायचं नाही. टो-पीस आणि हील-पीस दोन्ही हलतात, हील-पीस बुटाला पुढे किती दाबतं ते पुन्हा तपासावं लागतं. किती जोर आला की बूट सुटावा, तो आकडा तक्त्यात बघून वजन, उंची, वय, स्की करण्याची पद्धत आणि तळाची लांबी यांवरून ठरतो. त्यात बाई की पुरुष असा रकानाच नाही, त्यामुळे ‘लेडीज आहेत, हलकं ठेवा’ असं कुणी म्हणालं तर तक्ता दाखवायला सांगा. बूट नको तेव्हा सुटला तरी इजा होते, आणि सुटायला हवा तेव्हा सुटला नाही तर गुडघा जातो.

स्वतःची स्की घेणार असाल तर रुळाचंच बाइंडिंग घ्या. छिद्रं पाडून पक्कं बसवलेलं बाइंडिंग पुन्हा सेंटिमीटरभर सरकवणं अवघड असतं, कारण जुन्या छिद्राला लागून नवं छिद्र पाडलं की स्की तिथे कमजोर होते आणि स्क्रूची पकड जाते.