गोधडी उलटून पाहावी : पुण्यातल्या एका प्रदर्शनाविषयी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोथरूडच्या एका सभागृहात तीन दिवस गोधड्यांचे प्रदर्शन आणि विक्री होती. मी आणि माझी मैत्रीण शनिवारी सकाळी दहाला, दार उघडता उघडता आत शिरलो आणि दुपारी अडीच वाजता बाहेर आलो. प्रवेश विनामूल्य होता. खालच्या दालनात जुन्या गोधड्या टांगल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर विक्रीसाठी वीसेक टेबले मांडली होती. दोन्ही भाग पाहण्यासारखे होते. मात्र खाली जे पाहायला मिळते त्याचा खरा उपयोग वर खरेदी करताना होतो, म्हणून आधी खालचे दालन सावकाश पाहून मगच जिना चढावा, असे मी सांगेन.

माझ्या मैत्रिणीचे माहेर बार्शी तालुक्यातले. तिच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि तिची आई दर उन्हाळ्यात, वाळवणे आटोपली की शेजारच्या दोन बायकांना हाताशी घेऊन ओसरीवर वाकळ भरायला बसायची. मी एकटी गेले असते तर रंगसंगतीचे कौतुक करून परतले असते. तिच्यामुळे मला टाका पाहता आला.

खालच्या दालनातली सर्वांत चांगली वस्तू दाराजवळच होती. इरकली लुगड्यांची ती जुनी वाकळ होती, आणि तिच्या एका कडेला लुगड्याच्या टोपपदराचा तांबडा रेशमी भाग जसाच्या तसा ठेवला होता. सुती अंगाचा निळा रंग धुण्याने फिकट होऊन राखाडीकडे झुकला होता. पदर मात्र अजून तकाकत होता. टाके कडेपासून सुरू झाले होते. कोपऱ्यातून निघालेला धावदोरा चारही बाजूंनी फिरून पुन्हा त्याच कोपऱ्याशी येतो, मग बोटभर आत सरकून दुसरा फेरा घेतो, आणि असे एकात एक चौकोन लहान होत होत मध्यावर येऊन मिटतात. मैत्रिणीने बराच वेळ एकाच कडेकडे निरखून पाहिले आणि मग मला दाखवले की डावीकडचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एकसारखे आहेत, तर उजवीकडचे लांब आणि किंचित तिरपे आहेत, आणि जिथे हे दोन्ही भेटतात तिथे रेघ केसभर खाली सरकली आहे. समोरासमोर बसलेल्या दोघींनी ती वाकळ भरली होती. त्यातली एक सासू आणि दुसरी नवी सून असावी, असा मैत्रिणीचा तर्क होता. तो खरा की खोटा हे आता कोणी सांगू शकणार नाही, पण हात दोन होते एवढे कापडावर स्पष्ट दिसत होते.

तिथेच तिने मला वाकळीच्या पोटाची गोष्ट सांगितली. शेवटचा मधला चौकोन म्हणजे वाकळीचे पोट. ते उपाशी ठेवायचे नसते, म्हणून तो शिवून बंद करण्यापूर्वी तिची आई त्यात भाकरीचा वाळलेला तुकडा ठेवायची आणि मगच गाठ मारायची. वाकळीशी घरातल्या माणसासारखे वागण्याची ही रीत ऐकली, आणि घाईत निघालेला विठ्ठल आपला शेला विसरून जनाबाईची वाकळ पांघरून राउळात गेला, ही लहानपणापासून ऐकलेली कथा मला एकदम जवळची वाटली.

आता तक्रारीकडे वळते. या दालनात कुठल्याही गोधडीला हात लावण्याची परवानगी नव्हती. जुने कापड विरलेले असते आणि शेकडो हात लागले तर ते टिकणार नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु सगळ्याच गोधड्या भिंतीला पाठ लावून टांगल्या असल्याने एकीचीही उलट बाजू दिसत नव्हती. उलट बाजूलाच गाठी कुठे लपवल्या, कोणते थर घातले, ठिगळ मुळातले की नंतर लावलेले, हे सगळे कळते. दोन-चार गोधड्या दालनाच्या मधोमध दोरीवर टाकल्या असत्या तरी काम भागले असते. दिवे पिवळे आणि प्रखर होते; त्यांच्या उजेडात निळे कापड काळे दिसत होते आणि खरा रंग ओळखण्यासाठी आम्हाला वारंवार खिडकीच्या बाजूला जावे लागले. माहितीचे फलक केवळ इंग्रजीत होते. पुण्यात भरलेल्या, गोधडीसारख्या विषयावरच्या प्रदर्शनात हे मला मनापासून खटकले, कारण ज्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या अशा कितीतरी आज्या त्या दिवशी नातवंडांचा हात धरून आल्या होत्या आणि फलकांसमोरून न थांबता पुढे जात होत्या.

एका भिंतीवर इतर प्रांतांचे नमुने होते. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध आणि राजस्थानकडची रल्ली यांचा प्रत्येकी एखादा नमुना होता, आणि तो ओळख करून देण्यापुरता पुरेसा होता. मला अधिक वेळ लागला तो उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंडीपाशी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपैकी अनेक जण पळून घाटावरच्या जंगलात गेले, त्यांचे हे वंशज. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत त्यांची वस्ती आहे आणि त्यांची बोली कोकणीच्या जवळची आहे. त्यांचीही शिलाई कडेपासून सुरू होऊन मध्याकडे येते. पण आधी तुकडे जोडून मग टाके घालायचे असा प्रकार नसतो, तर टाका पुढे सरकतो तसतसे तुकडे कडा दुमडून खालच्या कापडावर बसवले जातात. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याशिवाय कवंडी पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. प्रदर्शनातल्या कवंडीला चारपैकी तीनच फुले उरली होती. चौथ्याच्या जागी लोंबणारा पांढरा दोरा पाहून मैत्रिणीचा हात नकळत पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला.

माझा सर्वांत मोठा आक्षेप नावांचा आहे. पाहिलेल्या एकाही जुन्या गोधडीखाली शिवणारीचे नाव नव्हते. फलकावर प्रदेश, अंदाजे काळ आणि संग्राहकाचे नाव एवढेच होते. फार जुन्या वस्तूंच्या बाबतीत नाव मिळत नसेल हे समजू शकते, पण काही गोधड्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या होत्या आणि त्या घरांत विचारले असते तर उत्तर नक्की मिळाले असते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा त्या शिवणाऱ्यांच्या नावांनिशी मांडल्या गेल्या. २००६ मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. आपल्याकडच्या बायकांचे कामही तेवढ्याच तोलाचे आहे, आणि त्यांच्या बाबतीत नाव विचारण्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नव्हती.

वरच्या मजल्यावर मात्र शिवणाऱ्या स्वतःच बसल्या होत्या, आणि त्यामुळे तिथले वातावरण वेगळे होते. प्रत्येक टेबलाशी मैत्रीण एकच विनंती करायची : “मावशी, जरा उलटी करून दाखवता का?” या एका प्रश्नाने माल आपोआप निवडला गेला. काही ठिकाणी ठिगळांची नक्षी नुसती छापलेली होती आणि आत पॉलिएस्टरचा पातळ थर घालून यंत्राने शिलाई मारली होती. अशा पांघरुणाला गोधडी म्हणून अठराशे रुपये मागणे योग्य नाही. जयपुरी रजया विकणाऱ्या टेबलावर मात्र त्या पिंजलेल्या कापसाच्या आहेत आणि गोधड्या नाहीत, असे आपणहून सांगितले गेले, याचे बरे वाटले. खऱ्या गोधडीच्या आत कापडाचेच थर असतात, त्यामुळे ती हातात घेतली की वजन लागते आणि चिमटीत धरली की थर एकमेकांवर सरकत नाहीत. टेरिकॉट किंवा नायलॉनच्या साड्या घातलेली असेल तर ती सुळसुळते, घाम शोषत नाही आणि टाक्यांपाशी लवकर चुण्या पडतात.

मी मावळातल्या एका बचत गटाच्या टेबलावरून एका माणसाला पुरेल अशी हातशिलाईची गोधडी दोन हजार सहाशे रुपयांना घेतली. महिनाभराच्या कामाची ही किंमत जास्त आहे असे मला वाटत नाही. तीन आठवडे ती रोज वापरात आहे आणि दोनदा धुतली आहे. ओली झाल्यावर ती एका माणसाला उचलत नाही, पिळू तर नयेच. पाणी निथळू देऊन कडक उन्हात उलट बाजू वर करून वाळवली की पुन्हा मऊ होते. दुसऱ्या एका टेबलावरून घेतलेल्या बाळाच्या दुपट्याचा अनुभव चांगला नाही. रंग पक्का असल्याचे सांगितले होते, पण पहिल्याच धुण्यात काठाचा तांबडा रंग सुटून पांढऱ्या भागावर पसरला. लहान मुलांसाठी घेताना ओला पांढरा रुमाल काठावर घासून पाहावा, हे मी त्या वेळी करायला हवे होते.

बचत गटाकडे आणखी एक सोय होती : आपल्या घरच्या जुन्या साड्या दिल्या तर त्या गोधडी शिवून देतात. पाच फूट बाय सात फुटांच्या गोधडीला चार सुती साड्या लागतात आणि मजुरी पंधराशे रुपये पडते. हे ऐकल्यावर मैत्रीण काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तिच्या पिशवीत आईची चार लुगडी होती. मावशींनी प्रत्येक लुगडे खिडकीच्या उजेडात धरले, दोन्ही हातांनी आडवे हलकेच ताणून पाहिले आणि दोन बाजूला काढली. ती विरलेली असल्याने वर घालता येणार नाहीत, आतल्या थरात घालू, असे त्यांनी सांगितले. उरलेल्या दोघांचे काठ कापून न टाकता चारही बाजूंना गोट म्हणून लावता येतील, हेही त्यांनीच सुचवले. कोणते लुगडे आईने कधी नेसले होते ते मैत्रीण सांगत राहिली आणि मावशी घड्या घालता घालता ऐकत राहिल्या. शेवटी ती म्हणाली, मधली वीतभर जागा शिवू नका, ती शिवायला मी स्वतः येईन. मावशींनी कारण विचारले नाही. वहीत मापांच्या खाली ‘मधे वीतभर सोडणे’ असे त्यांनी लिहून घेतले आणि संक्रांतीनंतरचा सोमवार दिला.