स्वतःची गाडी विकून कारशेअरिंग: कुठे जमतं, कुठे अडतं

वर्षाला ६,००० किलोमीटर चालणारी गाडी, शहरातला सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर धरला तर, जेमतेम २४० तास धावते. वर्षाचे तास ८,७६०. बाकी सगळा वेळ ती उभी, आणि विमा, पार्किंग, सर्व्हिसिंग, घसारा हे सगळं उभ्या गाडीलाही लागतंच. कारशेअरिंगमध्ये, म्हणजे सामायिक गाडी लागेल तेवढ्याच तासांसाठी भाड्याने घेण्यात, हा खर्च अनेक जणांत वाटला जातो. कल्पना जुनी आहे, झुरिकमध्ये १९४८ सालीच एका सहकारी संस्थेने ती राबवली होती.

सेवेचे मुख्य प्रकार दोन. एकात गाडी ठरलेल्या जागेवरून घ्यायची आणि तिथेच परत लावायची. दुसऱ्यात ठरलेल्या हद्दीत कुठेही उचला, कुठेही सोडा. दुसरा प्रकार आकर्षक वाटतो, पण तो टॅक्सीला पर्याय आहे, स्वतःच्या गाडीला नाही. पावसाच्या संध्याकाळी नकाशावर जवळपास एकही गाडी दिसत नाही. गाडी विकायचीच असेल तर पहिला प्रकार निवडा, आणि घरापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर निदान दोन-तीन गाड्या आहेत ना, ते बघा. एकाच गाडीच्या भरवशावर राहू नका.

हिशेबात बहुतेक जण चुकतात, कारण भाड्याची तुलना फक्त पेट्रोलशी करतात. खरेदीची किंमत वजा विक्रीची किंमत, भागिले वर्षं, हा घसारा आधी धरा. मग मागच्या तीन महिन्यांच्या फेऱ्या लिहून काढा: किलोमीटर किती, आणि गाडी ताब्यात किती तास होती. हे तास फार महत्त्वाचे, कारण गाडी उभी असली तरी बुकिंगचं मीटर चालू असतं. दोन तासांत १५ किलोमीटरची खरेदीची फेरी छान बसते. रोज ऑफिसला नेऊन नऊ तास उभी करायची असेल तर हा मार्ग नकोच.

गाडी ताब्यात घेतानाची पाच मिनिटं कधीही वाचवू नका. नुकसानीची नोंद आधी नसेल तर ते शेवटच्या चालकाच्या नावावर जातं. चारही कोपऱ्यांचे तिरके फोटो, चारही रिम, पुढची काच, किलोमीटर रीडिंग, एवढं पुरेसं आहे. भर उन्हात ओरखडे दिसत नाहीत, म्हणून खाली बसून दरवाजाच्या पत्र्यावरून नजर फिरवा. बंपरची खालची कड फुटपाथला घासलेली असते आणि उभ्याने ती दिसत नाही. नोंद गाडी हलवण्याआधीच करा, नंतरच्या फोटोला काही अर्थ राहत नाही.

अॅप ‘अनलॉक झाली’ म्हणतं पण दरवाजा उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. बऱ्याचदा दोष १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. अॅपशी बोलणारं उपकरण गाडी उभी असतानाही त्याच बॅटरीवर चालतं, त्यामुळे बरेच दिवस न हललेल्या गाडीची ती बॅटरी उतरते. इलेक्ट्रिक गाडीतही हेच होतं: मोठी बॅटरी भरलेली, छोटी मेलेली. बटण दाबत बसण्यापेक्षा लगेच फोन करा, वेळ नोंदवून घ्या आणि दुसरी गाडी मागा.

परत करताना तळघरातलं पार्किंग त्रास देतं. नेटवर्क नसलं की ट्रिप बंद होत नाही आणि पैसे चढत राहतात. किल्ली ग्लव्ह बॉक्समधल्या तिच्या खाचेत नीट बसली नाही, डिक्की अर्धवट लागली, तरी तेच. ट्रिप बंद झाल्याचा मेसेज आल्याशिवाय गाडीपासून हलू नका, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

विम्याची अट सही करण्यापूर्वी वाचा. अपघातात पहिली ठरावीक रक्कम तुमच्याच खिशातून जाते, आणि टायर, रिम, गाडीचा तळ किंवा चुकीचं इंधन अनेकदा विम्यात येतच नाही. जास्तीचे पैसे भरून ती रक्कम कमी करता येत असेल तर नवख्याने तरी ते भरावेत.

स्वतःची गाडी लगेच विकू नका. दोन महिने तिला कुलूप लावून ठेवा आणि फक्त शेअरिंगवर निभावून बघा. त्या दोन महिन्यांत एखादी जोडून आलेली सुट्टी असायलाच हवी, कारण गाड्या सगळ्यात आधी संपतात त्या तेव्हाच.