चुणीच्या पापण्या: पुण्यातल्या प्राण्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा माझा अनुभव

मी साताऱ्यात 22 वर्षं ब्लाऊज शिवते. हे आधी सांगते, कारण या दवाखान्यातलं काम चांगलं की वाईट हे मला कळलं ते सुई-दोऱ्याची सवय असल्यामुळेच.

आमची चुणी शार पेई जातीची. मूळची चीनच्या दक्षिणेकडची, ग्वांगडोंगकडची ही जात. मुलाने पुण्यात पिल्लू घेतलं, दोन आठवड्यांत त्याची बंगळुरूला बदली झाली आणि ती माझ्याकडे आली. कपाळावर, मानेवर, पाठीवर सगळीकडे चुण्या, म्हणून नाव चुणी.

अडीच महिन्यांची असताना तिचे डोळे गळायला लागले. सकाळी दार उघडलं की उजेडाला तोंड फिरवायची. दोन्ही डोळ्यांखाली तांबूस ओघळ, आणि पुढच्या पंजाने सारखं डोळा चोळणं. गावातल्या एका डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं, "डोळे आलेत" म्हणाले आणि थेंब दिले. आठ दिवस मी ते नेमाने घातले. नवव्या दिवशी उजव्या बुबुळावर निळसर-पांढरा ठिपका दिसला. त्या रात्री मी झोपले नाही. माझ्याच हाताने मी तिच्या डोळ्यात काहीतरी चुकीचं घालत होते, ही टोचणी अजून आहे.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून पुणं गाठलं. इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा थेंबांची बाटली मागितली, लेबल वाचलं आणि ते थेंब तिथल्या तिथे बंद केले. त्यात स्टेरॉइड होतं. बुबुळाला जखम असताना स्टेरॉइड घातलं तर जखम भरत नाही, उलट खोल जाते आणि डोळा फुटूही शकतो. म्हणून आधी जखम आहे का ते तपासायचं, थेंबांचं नंतर बघायचं. ती तपासणी दोन मिनिटांची. केशरी टोकाची एक कागदी पट्टी डोळ्याला टेकवली, डोळा धुतला, खोलीतला दिवा मालवला आणि निळा प्रकाश टाकला. चुणीच्या बुबुळावर हिरवागार डाग चमकला. तांदळाच्या कणीएवढा. तोवर मला हा आजार फक्त चिपडांपुरता वाटत होता.

मग त्यांनी डोळा बधिर करणारा एक थेंब घातला आणि मला जवळ बोलावलं. मिनिटभरात चुणीने आवळलेला डोळा थोडा उघडला. "काकू, आता बघा. दुखत असल्यामुळे जेवढी पापणी आत वळली होती तेवढी सुटली. उरलीय ती खरी दुमड." पापणीची कड आत वळलेली असते, तिच्यावरचे केस बुबुळाला घासतात. घासलं की दुखतं, दुखलं की जनावर डोळा मिटून घेतं, आणि मिटला की पापणी आणखी आत वळते. याला एन्ट्रोपियन म्हणतात. शार पेईत हे फार आढळतं. बुलडॉग, चाऊ चाऊ, मास्टिफ यांच्यातही होतं.

मी ऑपरेशनची तयारी करूनच गेले होते, पैसेही सोबत होते. मॅडम म्हणाल्या, "आज कापायचं नाही. ही तीन महिन्यांची, तोंड अजून वाढायचंय. आज मापाने कापलं तर वर्षाने ते माप चुकलेलं असेल." अंगात वाढ धरणाऱ्या पोरीचा ब्लाऊज आपण कधी नेमक्या मापाचा कापत नाही, त्यामुळे मला एका वाक्यात पटलं. त्यांनी फक्त टाचून दिलं. हलकी भूल देऊन प्रत्येक पापणीला तीन-तीन टाके. टाक्याचं एक टोक कडेजवळ, दुसरं जरा लांब हाडाच्या बाजूला, आणि गाठ आवळली की कड बाहेर ओढली जाते. गाठी डोळ्यापासून लांब, दोऱ्याची टोकं आखूड. आमच्या भाषेत कच्चा टाका. संध्याकाळी परतीच्या वाटेवर खंबाटकी ओलांडताना चुणी माझ्या मांडीवर डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

जखम बारा दिवसांत भरली, अँटिबायोटिक थेंबांनी. टाके तीन आठवडे टिकले, पाचव्या महिन्यात एकदा परत घातले. एका खेपेचे 3,500 रुपये.

खरं ऑपरेशन झालं ती चौदा महिन्यांची झाल्यावर. तोवर डाव्या डोळ्याची वरची पापणी वाढीबरोबर आपोआप सुटली होती, म्हणून तिला हात लावला नाही. मला सगळ्यात भावलं ते त्या सकाळचं काम. चुणीला भूल द्यायच्या आधी, ती चार पायांवर उभी असताना, बधिर करणारा थेंब घालून मॅडमनी किती भाग काढायचा ते मोजलं आणि लिहून ठेवलं. भुलीत आडवं केलं की सगळी कातडी एका बाजूला लोळते, चुण्या सरकतात, मग माप खोटं येतं. गिऱ्हाईक उभं करून माप घ्यायचं, बसून नाही, हे मी शिकाऊ मुलींना रोज सांगते.

नंतर त्यांनी फोटो दाखवून समजावलं. पापणीच्या कडेपासून जेमतेम दोन मिलीमीटर सोडून, कडेला समांतर चंद्रकोरीसारखी एक पट्टी काढली. कातडी आणि तिच्याखालचा स्नायूचा पातळ थर. मग शिवण. पहिला टाका मधोमध, मग उरलेल्या दोन अर्ध्यांच्या मधोमध, मग पुन्हा त्यांच्या मधोमध. एका टोकाकडून शिवत गेलं तर शेवटी एका बाजूला झोळ राहतो. बाहीचा घेर मुंढ्यात बसवताना मी असंच मधून टाचते. दोरा 6-0 नंबरचा, माझ्याकडच्या सगळ्यात बारीक दोऱ्यापेक्षा कितीतरी बारीक. तो फोटो मी मुलाला पाठवला.

शार पेईच्या कातडीत हायलुरोनिक ॲसिड नावाचा चिकट पदार्थ खूप साठतो, त्यानेच तर चुण्या पडतात. त्यामुळे टाक्यांतून चिकट पाणी पाझरेल, घाबरू नका, असं आधीच सांगितलं होतं. पापण्या सुजून कड बाहेर आल्यासारखी दिसेल हेही सांगितलं होतं. तरी तिसऱ्या रात्री मी घाबरले आणि अकरा वाजता फोन केला. त्यांनी फोटो मागवला, बघितला आणि "सूज आहे, आठवड्यात उतरेल" म्हणाल्या. उतरली. गळ्यातला प्लास्टिकचा कोन चौदा दिवस एक मिनिटही काढला नाही. पंधराव्या दिवशी टाके निघाले.

उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात थोडी दुमड राहिली. तीन महिन्यांनी तेवढ्यापुरतं छोटं काम पुन्हा करावं लागलं. काही लोक याला डॉक्टरची चूक म्हणतील. मी म्हणत नाही. मॅडमनी ऑपरेशनआधीच सांगितलं होतं की मी कमीच कापणार, लागलं तर परत करू. जादा कापलं तर पापणी बाहेर लोंबते, डोळा उघडा पडून सुकतो, आणि कापलेली कातडी परत आणता येत नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी फक्त भूल आणि सामानाचे 6,000 घेतले. पहिलं मोठं काम, रक्ततपासणी धरून, 26,000 ला पडलं.

तक्रारीही आहेत. वेळ दहाची दिली तरी नंबर साडेबाराला लागतो, आणि उपाशी ठेवलेलं जनावर घेऊन तेवढं थांबणं सोपं नाही. बाहेर कुत्रा-मांजर एकाच बाकापाशी बसवतात. खर्चाचा अंदाज तोंडी मिळतो, तो कागदावर द्यायला हवा. आम्ही बाहेरगावचे, भुलीतून बाहेर येईपर्यंत पाच तास लागतात, तोवर बसायला धड जागा नाही.

मॅडमनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती: पापण्या नीट झाल्या तरी पिल्लं होऊ देऊ नका, ही खोड आईबापाकडून उतरते. चुणीची नसबंदी आम्ही केली. पिल्लं विकून ऑपरेशनचा खर्च काढा असा सल्ला देणारे दोघे भेटले, त्यांना मी तो हिरवा डाग सांगितला.

आता ती दोन वर्षांची आहे. टाक्यांची खूण शोधावी लागते. दुपारी मशीनच्या पायडलापाशी खिडकीतल्या उन्हात झोपते आणि हाक मारली की सरळ उन्हाकडे तोंड करून बघते.

जाणार असाल तर आधी वापरलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी. आणि दुपारची वेळ मागा, सकाळी ऑपरेशनं असतात.