व्ही-२२ ऑस्प्रे : स्पीडला फुल मार्क, गिअरबॉक्स काठावर पास

हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी उचलायचं आणि वर गेलं की पंखाच्या टोकांवरचे रोटर इंजिनासकट पुढे वाकवून विमान व्हायचं, आयडिया एकदम भारी. स्पीडबद्दल तर तक्रारीला जागाच नाही, २४ सैनिक घेऊन ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. पण १९८९ ला पहिल्यांदा उडालेलं हे यंत्र अमेरिकन मरीन्सच्या (समुद्रमार्गे उतरणाऱ्या सैन्यदलाच्या) सेवेत यायला २००७ उजाडलं, डिलिव्हरीत ते बनवणाऱ्या बेल-बोइंगचे मार्क कापलेच पाहिजेत.

खरी गोम रोटरमध्ये आहे. दोन रोटरच्या चिनूक हेलिकॉप्टरचा एकेक रोटर १८ मीटरचा, याचा साडेअकरा, आणि उचलायचं वजन मात्र जवळपास सारखंच, २३ टनांच्या आसपास, म्हणजे हवा खाली मारणार तीही कितीतरी जास्त जोरात. वाळवंटात उतरताना धुळीत पायलटला खालचं काही दिसत नाही, आणि फार वेगाने खाली आलं तर रोटर स्वतःच ढवळलेल्या हवेत अडकतो, २००० मध्ये ॲरिझोनात मरानाला १९ मरीन्स असेच गेले. बरं, छोटा म्हणावा तर विमानासाठी तोच रोटर इतका मोठा की पुढे वाकलेला असताना धावपट्टीवर उतरायची सोय नाही, पाती जमिनीला घासतील.

एक गोष्ट मात्र मानली. पंखातून आरपार शाफ्ट टाकलाय, एक इंजिन गेलं तर दुसरं दोन्ही रोटर फिरवतं. पण दुखणंही त्याच भागात, इंजिन आणि रोटर जोडणारा क्लच सटकतो आणि धाडकन परत बसतो, कॅलिफोर्नियात २०२२ ला पाच जण गेले ते त्यामुळेच. पुढच्या वर्षी जपानच्या याकुशिमा बेटाजवळ रोटरच्या गिअरबॉक्समधला गिअर तडकला, आठ गेले, सगळा ताफा तीन महिने जमिनीवर. मार्च २०२४ ला परत उडाला तोही उतरण्याजोग्या धावपट्टीपासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं या अटीवर. लांब पल्ल्यासाठी घेतलेल्या विमानाला ही अट, काय बोलणार!

बेलच्या नव्या व्ही-२८० मध्ये इंजिन आडवंच राहतं, फक्त रोटर वाकतो, त्यामुळे उतरताना गरम एक्झॉस्ट खाली डेकवर किंवा गवतावर मारला जात नाही आणि बाजूच्या दारातून उतरता येतं. अमेरिकन आर्मीने २०२२ ला तेच निवडलं. ज्यांना थांबणं परवडतं त्यांनी थांबावं, तसंही अमेरिकेबाहेर ऑस्प्रे घेतलंय फक्त जपानने, इस्रायल विचार करून मागे फिरलं.